सोंगटी दिसली म्हणून मारायची?

अल्लीपुरात अष्टाचंगा खेळणाऱ्या बऱ्याच घरांत एक नियम पाळला जातो. समोरच्याची सोंगटी मारता येत असेल, तर ती मारावीच लागते. मुद्दाम सोडली किंवा लक्षात आलं नाही, तर ज्या सोंगटीने मारता आली असती ती उचलून परत तिच्या घरी ठेवायची. पोरं हा नियम फार कडकपणे पाळतात. कुणी क्षणभर विचार करत बसला की मागून आवाज येतोच, "मार नं बे, काय पाहून राह्यला?"

माझ्या मते हा नियम काढून टाकला पाहिजे. या खेळात विचार करण्यासारखी जागा जवळपास एकच आहे, मारायचं की नाही ही. बाकी सगळं दान ठरवतं. ती एक जागाही नियमाने बंद केली की उरतं काय? चिंचोके टाकायचे, मोजायचे, सरकवायचं. एवढंच करायचं असेल तर त्याला खेळ कशाला म्हणायचं?

ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जमिनीवर खडूने किंवा कोळशाने पाच बाय पाचचा चौकोन आखायचा. पंचवीस घरं होतात. चारही बाजूंच्या मधल्या घरावर फुली, आणि एक फुली अगदी मध्यात. बाजूची प्रत्येक फुली एकेका खेळाडूचं घर. प्रत्येकाकडे चार सोंगट्या. बांगडीच्या काचा, खडे, तुरीचे दाणे, शर्टाची बटणं, काहीही चालतं. बाहेरच्या रांगेत सोळा घरं असतात, ती सगळे एकाच दिशेने चालतात. आपला फेरा झाला की आतल्या आठ घरांत शिरून उलट्या दिशेने फिरायचं आणि मग मधल्या फुलीवर जायचं. तिथे पोचलेली सोंगटी पिकली. म्हणजे घरातून निघाल्यापासून पिकेपर्यंत चोवीस पावलं. फुलीवर कुणालाही मारता येत नाही, मग ती फुली कुणाचीही असो. एका घरात आपल्या दोन सोंगट्या एकत्र असतील तर त्या जोडीलाही एकटी सोंगटी मारू शकत नाही.

कवड्या सगळ्यांकडे नसतात. चिंचोके मात्र कुठेही मिळतात. दोन चिंचोके फोडले की चार फाकी होतात, एक बाजू काळी, एक पांढरी. फोडता येत नसतील तर दगडावर घासून एक बाजू पांढरी करायची. एक पांढरी पडली तर एक, दोन पडल्या तर दोन, तीन तर तीन. चारही पांढऱ्या म्हणजे चार, चारही काळ्या म्हणजे आठ. चार आणि आठला आणखी एक दान मिळतं. नावं, फुल्या आणि बारीक नियम गावागणिक बदलतात. अष्टाचंगा, चंगाष्टा, अष्ट-चंग-पे अशी नावं कानावर येतात. मी लिहितो ते आमच्या ओसरीवरचे नियम.

आता हिशेब. फाक काळी पडणं आणि पांढरी पडणं सारखंच शक्य आहे असं धरू. खरे चिंचोके इतके प्रामाणिक नसतात, पण हिशेबापुरतं चालेल. चार फाकी पडण्याचे एकूण १६ प्रकार होतात. त्यातले ४ प्रकार एक देतात, ६ प्रकार दोन देतात, ४ प्रकार तीन देतात. चारचा प्रकार एकच आणि आठचाही एकच. म्हणजे सगळ्यात जास्त वेळा पडतं ते दोन. तुमच्या सोंगटीच्या मागे दोन घरांवर कुणी बसलं असेल, तर तुम्ही सगळ्यात वाईट जागी उभे आहात. एक किंवा तीन घरांवर असेल तर धोका त्याहून कमी. चार घरांवर असेल तर सोळात एकदाच. हे कळायला गणिताचं पुस्तक लागत नाही. आमच्या दादीला लिहितावाचता येत नव्हतं, पण ती सोंगटी दोनावर कधी ठेवायची नाही. तिला विचारलं तर म्हणायची, "दो तो आताच है."

सरासरी काढली तर एका दानाला अडीच घरं पडतात. म्हणजे चौदा पावलं चाललेली सोंगटी ही पाच-सहा दानांची कमाई. मारण्याचा निर्णय घेताना हा आकडा डोक्यात असला पाहिजे, कारण मारणं म्हणजे कमाईचा सौदा आहे. त्याचं किती बुडतंय आणि माझं किती पणाला लागतंय?

एक चाल घेऊ. माझी सोंगटी बारा पावलं चालून माझ्या आधीच्या खेळाडूच्या फुलीवर बसली आहे. सुरक्षित आहे. त्याच खेळाडूची एक सोंगटी नुकतीच त्या फुलीवरून निघून दोन घरं पुढे गेली आहे. मला दोन पडले. मारता येते. पोरं ओरडतात, मार. मी मारली. त्याचं बुडालं काय? दोन पावलं. एका दानाची कमाईसुद्धा नाही. आणि ती मेलेली सोंगटी गेली कुठे? तिच्या घरी, म्हणजे माझ्या बरोबर दोन घरं मागे. मी माझी चौदा पावलं चाललेली सोंगटी सुरक्षित फुलीवरून उचलली आणि ज्याला आताच मारलं त्याच्यासमोर, त्याच्या सगळ्यात आवडत्या अंतरावर नेऊन ठेवली. सोळापैकी सहा वेळा तो मला मारणार. चौदा पावलांचे सोळात सहा हिस्से म्हणजे सव्वापाच पावलं. दोन मिळवण्यासाठी सव्वापाच पणाला लावणारा व्यापारी हिंगणघाटच्या कापूस बाजारात एक मोसम टिकणार नाही.

त्या फुलीवरून कधीतरी निघावं लागणारच, हे खरं. पण तीन पडल्यावर निघालो तर मागच्याला सोळात चारच संधी. दोन पडले असतील तर ती दुसऱ्या सोंगटीला चालावेत. सक्तीच्या नियमात नेमकं हेच करता येत नाही.

आता उलटी चाल. माझी सोंगटी घरातून निघून दोन पावलांवर आहे किंवा तिथे पोचू शकते, आणि माझ्या पुढच्या खेळाडूची सोंगटी चौदा पावलांचा फेरा करून तिथेच येऊन उभी आहे. दोन घरं गेली की तिचा फेरा पुरा. मी ती मारली तर तिचं चौदाचं नुकसान, आणि ती जाऊन बसते माझ्या पुढे. पुढे बसलेली सोंगटी मला मारू शकत नाही. तिला जवळपास अख्खा फेरा करून यावं लागेल. माझं पणाला लागलेलं आहे फक्त दोन पाऊल. इथे न मारणारा माणूस एकतर झोपलेला आहे किंवा प्रेमात आहे.

घरातून नुकतीच निघालेली सोंगटी मारली तर शत्रू तुमच्या पाठीशी जाऊन बसतो, फेरा संपवत आलेली मारली तर तो पुढे जातो. हे एवढं कळलं तरी अर्ध्या चुका थांबतात. सक्तीच्या नियमाला हा फरक कळत नाही. त्याच्या लेखी दोन्ही मारणं सारखंच.

चौघे खेळत असले की आणखी एक गोष्ट येते, जी दोघांच्या खेळात नसते. दोघे असतील तर त्याचं नुकसान तो माझा पूर्ण फायदा. चौघांत मी एकाचे चौदा बुडवले की त्याचा फायदा मला होतो तसाच उरलेल्या दोघांनाही होतो, आणि त्यांनी काहीच पणाला लावलेलं नसतं. धोका मी घेतला, फायदा तिघांनी वाटून घेतला. म्हणून चौघांच्या खेळात जो सगळ्यात पुढे आहे त्याला मारायला माणसाने धोका घ्यावा. जो मागेच रखडला आहे त्याला मारणं हे बहुतेक वेळा तिसऱ्याची चाकरी असते. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पॅनेल पाडणाऱ्यांना हे मला समजावून सांगायची गरज नाही. जुन्या सारीपाटात समोरासमोरचे दोघे भिडू असत, दोन विरुद्ध दोन. तिथे हा घोळ कमी होता. अष्टाचंगात भिडू नाही, प्रत्येक जण एकटा.

मग मारायची इतकी घाई लोकांना लागली कुठून? मला वाटतं, मोठा हात लुडोचा आहे. लुडो हे आपल्याच पचिसीचं विलायतेत जाऊन परत आलेलं पोर. १८९६ मध्ये इंग्लंडमध्ये त्याचं पेटंट घेतलं गेलं. कवड्या गेल्या, एक फासा आला, आणि सोंगटी घराबाहेर काढायला सहा पडणं आवश्यक झालं. हा शेवटचा बदल मारण्याचं सगळं गणित फिरवतो. लुडोत मेलेली सोंगटी चाललेली पावलं तर गमावतेच, वर सहाची वाट बघत बसते. सहा पडण्याची शक्यता सहात एक, म्हणजे सरासरी सहा दानं तिला नुसतं दाराशी बसायचं असतं. त्यामुळे लुडोत नुकतीच निघालेली सोंगटी मारणंही बहुतेक वेळा फायद्याचं ठरतं. शिवाय एका फाशाने एक ते सहा कुठलाही आकडा सारखाच पडतो, म्हणून अंतर निवडण्याला फारसा अर्थ उरत नाही. फोनवरच्या लुडोत तर मारलं की एक जादा दानही मिळतं. म्हणजे मारण्याची बक्षिसी. पोरं या लुडोवर वाढतात आणि तोच हात घेऊन अष्टाचंगाला बसतात, जिथे मेलेली सोंगटी फुलीवर जाऊन लगेच पुढच्या दानाला चालायला मोकळी असते. खेळ वेगळा, हात तोच.

दुसऱ्या टोकाचा अनुभव आमच्या घरात कुवेतहून आला. माझा मामेभाऊ तिथे बरीच वर्षं होता. परत येताना त्याने शिसवी रंगाचा एक लाकडी तख्ता आणला. अरब लोक चहाच्या दुकानात यावर तासन्‌तास बसतात, त्याला ते ताउला म्हणतात. इराणात तख्ते-नर्द. इंग्रजीत बॅकगॅमन. फिरदौसीच्या शाहनाम्यात याची एक झकास कहाणी आहे. हिंदुस्तानच्या राजाने नौशेरवानकडे बुद्धिबळाचा पट पाठवला, की नियम न सांगता हा खेळ उलगडून दाखवा. वजीर बुजुर्जमेहरने तो उलगडला आणि उत्तर म्हणून नर्द तयार करून हिंदुस्तानात पाठवला. तो म्हणे इकडच्या पंडितांना उलगडला नाही. कहाणी इराणी आहे, तेव्हा शेवट असाच असणार. फासे टाकून सोंगट्या चालवण्याचा नाद आपल्याकडे काही कमी जुना नाही. वेरूळच्या २१ व्या लेण्यात शिव-पार्वती डाव मांडून बसले आहेत ते जाऊन बघा.

तख्ता घरात आला आणि अब्बांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांच्याकडे कारण होतं. सहीह मुस्लिममध्ये नर्दशीर खेळण्याविरुद्ध कडक शब्दांत हदीस आहे, आणि नर्द म्हणजे हाच खेळ. पैसे न लावतासुद्धा तो खेळू नये असं बहुतेक उलेमा मानतात. मनाईचं मूळ जुगारात आहे असं म्हणणारेही आहेत. हा वाद मिटवण्याची माझी लायकी नाही. तख्ता कपाटावर गेला तो अजून तिथेच आहे. दादीने फाशांना हात लावायला मनाई केली आणि चिंचोक्यांना मुभा दिली. त्यामागचा तर्क तिने कुणाला सांगितला नाही आणि तिला विचारायची कुणाची छाती नव्हती. मी मात्र त्या तख्त्याबद्दल मिळेल ते वाचलं, कारण मला माझ्याच प्रश्नाचं उत्तर त्यात दिसत होतं.

बॅकगॅमन दोघांचा खेळ. प्रत्येकाच्या १५ सोंगट्या, २४ घरं, दोन फासे. दोघे एकमेकांच्या उलट दिशेने चालतात. घरात एकटी पडलेली सोंगटी मारता येते, दोन असतील तर नाही. हे आपल्या जोडीसारखंच. मेलेली सोंगटी मधल्या पट्टीवर जाते आणि तिथून मारणाऱ्याच्या मुलखात, म्हणजे त्याच्या शेवटच्या सहा घरांत, पुन्हा शिरते. ती शिरेपर्यंत तिच्या मालकाला दुसरी कुठलीच सोंगटी हलवता येत नाही. या खेळात सक्तीने मारण्याचा नियम नाही. सबंध खेळ 'मारू की नको' याच प्रश्नाभोवती उभा आहे, आणि त्यावर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत.

पॉल मॅग्रिएल या अमेरिकन खेळाडूचं १९७६ चं पुस्तक त्यातलं सगळ्यात गाजलेलं. धाडसी चाल कधी खेळायची आणि सांभाळून कधी, याचे काही निकष त्याने मांडले. मला त्यातला एक फार आवडतो. आपली सोंगटी उघडी टाकण्याआधी समोरच्याचा मुलूख बघा. त्याने आपल्या शेवटच्या सहा घरांतली किती घरं जोड्यांनी अडवली आहेत? एकही नाही, तर मेलो तरी परत शिरणं सोपं, मग धाडस करायला हरकत नाही. पाच अडवली असतील तर दोन्ही फासे मिळूनही ३६ पैकी २५ वेळा तुम्ही दाराबाहेरच. म्हणजे मारायचं की नाही हे मारल्या जाणाऱ्या सोंगटीकडे बघून ठरत नाही. आपण मेलो तर काय होईल, तिथून सुरुवात करायची.

दुसरा दाखला तर आमच्या फुलीवरच्या चालीचा सख्खा भाऊ आहे. समोरच्याची सोंगटी तुमच्या मुलखातल्या अगदी शेवटच्या घरात उभी आहे. तुम्ही ती एकट्या सोंगटीने मारली. तिचं नुकसान किती? ती मुळात प्रवासाच्या सुरुवातीलाच होती, तेव्हा एकच पाऊल. ती पट्टीवर गेली आणि आता तिथूनच तुमच्या त्या एकट्या सोंगटीवर नेम धरून आहे. एका फाशावर एक पडला की झालं, ३६ पैकी ११ वेळा. लागलं तर तुमची जवळपास अख्खी वाटचाल, चोवीस पावलं, पाण्यात. तरीसुद्धा जाणकार लोक कधीकधी अशी सोंगटी मारतात. समोरच्याला यंदाचं दान पट्टीवरून शिरण्यात खर्च करायला लावायचं, त्याला आपलं महत्त्वाचं घर बांधू द्यायचं नाही, एवढ्यासाठी. तिथे ते नुकसान मोजत नाहीत, वेळ विकत घेतात. अष्टाचंगात ही सोय नाही. आपल्याकडे मेलेल्याचा डाव अडत नाही. म्हणून आपल्याला तर मारताना त्यांच्यापेक्षा जास्तच हात राखला पाहिजे.

१९९२ मध्ये आयबीएमच्या जेराल्ड टेसॉरोने टीडी-गॅमन नावाचा संगणक प्रोग्रॅम बनवला. तो स्वतःशीच लाखो डाव खेळून शिकला. पहिल्याच दानाला २-१, ४-१ किंवा ५-१ पडलं तर एक सोंगटी मुद्दाम धोक्याच्या जागी एकटी ठेवायची, लागली तर लागली, अशी तज्ज्ञांची रीत होती. या प्रोग्रॅमला ते पटलं नाही. त्याने मागच्या सोंगट्या वेगळ्या करण्याची शांत चाल पसंत केली, आणि मग माणसांनीही आपली रीत बदलली. पिढ्यान्‌पिढ्यांचा सराव असलेल्या लोकांनासुद्धा आपण विनाकारण मार खातो आहोत हे मोजून दाखवावं लागलं.

आता माझ्याविरुद्धचा मुद्दा. अष्टाचंगात आणखी एक नियम आहे: निदान एक सोंगटी मारल्याशिवाय आतल्या आठ घरांत शिरता येत नाही. लोक म्हणतात, बघा, खेळच मारायला सांगतो. माझा या नियमाला अजिबात विरोध नाही. उलट खेळातला सगळ्यात हुशार नियम तोच आहे. तो मारायला लावतो, पण कुणाला, कधी आणि किती धोका पत्करून, हे तुमच्यावर सोडतो. याच्यामुळे पहिल्या मारण्याची किंमत वेगळी होते. तुमचं दार अजून बंद असेल, तर मघाची ती वाईट चालसुद्धा चांगली ठरू शकते. कारण फुलीवर कितीही वेळ सुरक्षित बसलात तरी दार उघडणार नाही. आणि पहिला बळी लवकर, आपली सोंगटी घराजवळ असताना घ्यावा. तेव्हा आपलं पणाला दोन-तीन पावलंच असतात. शेवटपर्यंत दार बंद ठेवणारा माणूस चौदा पावलांची सोंगटी हातात धरून शिकार शोधत फिरतो, आणि बाकीचे तिघे त्याच्यापासून लांब लांब बसतात. दार एकदा उघडलं की मात्र पुढचं प्रत्येक मारणं तोलून करायचं. आमच्या दादीचा हुकूमच होता, "पैले गिन, फिर मार."

खरा आक्षेप फुफीचा आहे आणि तो हलका नाही. ती म्हणते, सक्ती काढलीत तर घरात भेदभाव सुरू होईल. दादी नातवाला मारणार नाही, नवरा नव्या बायकोला मारणार नाही, दोन भाऊ मिळून तिसऱ्याला टिपतील. नियम कडक आहे म्हणून तर लहान पोरीलाही मोठ्या काकाची सोंगटी मारता येते आणि काका रागावू शकत नाही. तिचं म्हणणं मी बरेच दिवस मनात घोळवलं. मोठ्या माणसांसमोर मान खाली घालून बसायची सवय असलेल्या मुलींना या नियमाने एक ढाल दिली आहे, हे मला मान्य आहे. "मी नाही मारलं, नियमाने मारलं," असं म्हणता येतं.

पण ढाल कुठवर धरायची? ज्या पोरीने "नियम आहे म्हणून" काकाची सोंगटी मारली, तिला कधी "मला परवडतं म्हणून मारली" असं म्हणायची वेळच येत नाही. आणि भेदभावाचं म्हणाल तर तो या खेळात लपत नाही. चौदा पावलांची सोंगटी समोर असताना दादीने नातवाला सोडलं, तर सगळी ओसरी बघत असते. लगेच आरडाओरडा होतो. तो व्हावा. दादीने उत्तर द्यावं. अबुल फजलने आईने-अकबरीत लिहिलंय की बादशहा असल्या खेळांतून माणसाची लायकी तोलायचा आणि त्याच्या दरबारात एकेक खेळ महिनोन्‌महिने चालायचा. फतेहपूर सिक्रीच्या अंगणात आखलेला पचिसीचा पट आजही दाखवतात. त्या दरबारात जर 'दिसली की मार' असा नियम असता, तर बादशहाला तोलायला मिळालं काय असतं? फाशाचं वजन?

हा वाद नुसता ओसरीपुरता राहिला असता तर मी इतकं लिहिलं नसतं. लॉकडाऊनमध्ये हातोहाती फोनवर लुडो आला आणि त्यापाठोपाठ पैसे लावायचा लुडोही आला. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एका लुडो अॅपविरुद्ध याचिका गेली. पैसे लावून खेळला जाणारा लुडो हा कौशल्याचा नसून नशिबाचा खेळ आहे, म्हणून तो जुगार ठरवा, असं याचिकाकर्त्याचं म्हणणं होतं. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीच घातली. खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, कायद्याने फरक ठेवला नाही. जुगाराबद्दल माझ्या घरात दोन मतं कधीच नव्हती, त्यामुळे बंदीबद्दल मला काही म्हणायचं नाही.

म्हणायचं आहे ते 'कौशल्य' या शब्दाबद्दल. माझ्या ओळखीच्या एका पोराने बापाने कापूस विकून आणलेल्या पैशातले काही या नादात घालवले. किती, ते त्याने घरी शेवटपर्यंत नीट सांगितलं नाही. त्याला मी विचारलं होतं, तू इतके डाव खेळलास, सोंगटी कधी मारायची आणि कधी नाही, हे कसं ठरवायचास? तो म्हणाला, "ठरवाचं काय त्यात? दिसली की माराची." ते पोर स्वतःला पटाईत समजत होतं. हे कौशल्य आहे असं त्याला जाहिरातीने सांगितलं होतं, आणि आम्ही मोठ्यांनी ओसरीवर जो हात त्याला लावला होता तो हाच, दिसली की मार. कौशल्य म्हणजे काय हे त्याला एकदा जरी चिंचोक्यांवर कळलं असतं, तर फोनवर ते नाही, हेही कळलं असतं. विचार करायला काही सेकंद, समोर अनोळखी माणूस, मारलं की बक्षीस. मोजायला वेळ कुणाकडे आहे तिथे?

म्हणून या उन्हाळ्यात, मे महिन्याच्या दुपारी जेव्हा बाहेर पाऊल ठेववत नाही आणि सगळं घर ओसरीवर येऊन पडतं, तेव्हा आमच्याकडे सक्तीशिवाय खेळायचं ठरलं आहे. मारायची तर मारा, नाही तर सोडा. फक्त सोडलीत तर कुणी विचारलं की कारण सांगायचं. फुफी नाराज होती, पण कारण सांगायच्या अटीवर तयार झाली. मारल्यावर जादा दान द्यायचं की नाही, यावर मात्र घोडं अडलं आहे. माझं म्हणणं, देऊ नये. ती बक्षिसी आहे आणि बक्षिसी मिळाली की कुणी मोजत नाही. भाचीचं म्हणणं, द्यावं. जादा दानाने मारणारी सोंगटी दोनावरून उचलून पुढच्या फुलीवर नेता येते, मग त्यातही विचार आहेच. फुली बरोबर दोन घरं पुढे असते, हे तिने बोटाने मोजून दाखवलं. अजून काही ठरलेलं नाही.